वरच्या खाचेशीच तुटणारी दोरी : धामणीच्या एका धनुष्याचे प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या एका तरुणाने धामणीच्या लाकडातून स्वतः घडवलेल्या धनुष्याची दोरी ऐन उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुन्हा पुन्हा निकामी होत राहिली. त्याने धागा बदलला, धाग्यांची संख्या वाढवली, तरीही ती वरच्या टोकाच्या खाचेपाशीच तुटत होती. धनुष्य माझ्याकडे आले तेव्हा, योग्य धागा पुण्यात मिळत नाही आणि मिळतो त्याला पावसाळी हवा बाधते, असे त्याचे ठाम मत झाले होते. प्रत्यक्षात धागा जवळजवळ निर्दोष होता. हाताने लाकडी धनुष्ये बनवणाऱ्यांमध्ये धाग्याच्या ताकदीवर पुष्कळ चर्चा होते आणि गाठ, खाच व धाग्यांचा समान ताण यांवर फारच थोडी होते, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवणे मला गरजेचे वाटते.

धनुष्य चांगले घडवलेले होते. धामण हे सह्याद्रीच्या पानझडी जंगलातले लवचीक लाकूड आहे आणि ते धनुष्याला साजेसे आहे. या धनुष्याची एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतची लांबी 68 इंच होती आणि 28 इंच ओढल्यावर त्याचे वजन, म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारे बळ, 42 पौंड किंवा सुमारे 19 किलो भरत होते. दोन्ही भुजा सारख्या वाकत होत्या. मुठीपाशी आणि टोकांशी लाकूड नीट राखलेले होते. जी काळजी त्याने भुजा तासताना घेतली होती, ती दोरीच्या वाट्याला मात्र आली नव्हती.

त्याने वापरलेल्या दोऱ्यांचा क्रम असा होता. पहिली दोरी बाजारातल्या सुतळीची होती आणि ती चढवतानाच तुटली. दुसरी नायलॉनच्या दोरखंडाची होती. ती तुटली नाही, पण इतकी ताणत गेली की थोडे बाण सोडल्यावर दोरी आणि मूठ यांतले अंतर, ज्याला धनुर्धर ब्रेस हाइट म्हणतात, सहा इंचांवरून चारच्या आसपास येई आणि दोरी मनगटावर फटके मारू लागे. तिसऱ्या वेळी त्याने रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून चामडे शिवायचा मेण लावलेला पॉलिएस्टर धागा आणला आणि त्याच्या 14 पेडांची दोरी केली. ती वरच्या टोकाशी तुटली. मग 20 पेडांची केली. ती अधिक टिकली आणि त्याच जागी तुटली.

ताणलेल्या धनुष्याची दोरी तुटते तेव्हा साठलेली ऊर्जा बाणात न जाता भुजांमध्येच उरते, आणि लाकडाला रिकाम्या सुटीइतकीच, म्हणजे बाण न लावता दोरी सोडण्याइतकीच, इजा होऊ शकते. म्हणून मी दोरीकडे वळण्याआधी धनुष्य तपासले. कापसाचा बोळा दोन्ही भुजांच्या पाठीवरून, म्हणजे नेमबाजापासून दूरच्या, लक्ष्याकडे असलेल्या बाजूवरून, सावकाश फिरवला. कुठे तंतू उचकटला असेल तर कापूस अडकतो. कापूस अडकला नाही. परंतु वरच्या भुजेच्या आतल्या, दाबल्या जाणाऱ्या बाजूवर तिरपा प्रकाश टाकला तेव्हा मुठीपासून वीतभर अंतरावर एक केसासारखी आडवी रेघ दिसली. दाबाने तंतू चुरडल्याची ही खूण असते. ती दोरी तुटल्यामुळे पडली की आधीपासून होती, हे सांगता येण्यासारखे नव्हते. तिची लांबी शिसपेन्सिलीने खूण करून ठेवली.

तुटलेले तुकडे त्याने जपून ठेवले होते, आणि निदान मुख्यतः त्यांच्यावरूनच झाले. 20 पेडांच्या तुकड्याचे टोक भिंगाखाली पाहिले तेव्हा सगळे धागे सारखे तुटलेले नव्हते. काहींची टोके सरळ, कापल्यासारखी होती, तर काहींची लांबट, पिंजलेली. याचा अर्थ दोरी एका झटक्यात तुटली नव्हती. बाहेरचे धागे अगोदर हळूहळू कापले गेले होते आणि उरलेल्यांना भार न पेलल्याने ते शेवटी ताणून तुटले होते. यानंतर दोरीचा अखंड भाग उकलून पेड वेगवेगळे केले आणि दोन टोके धरून सरळ केले. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब पेडात जवळजवळ पाऊण इंचाचा फरक निघाला. त्याने एकेक धागा मापून कापला होता आणि मग सगळे एकत्र करून पीळ दिला होता. असे करताना प्रत्येक धागा हातून कमीजास्त ओढला जातोच. वापरातल्या ताणाने पॉलिएस्टर दोरी मुळातच थोडीच लांबते, त्यामुळे एवढ्या फरकाने आखूड पेडांवर वाट्याबाहेरचा भार पडतो आणि लांब पेड नुसतेच सोबत राहतात. वीस पेडांची दोरी वीस पेडांचे काम करत नव्हती.

आता हिशेब. एका धाग्याला स्प्रिंगकाटा लावून ओढले तेव्हा तो आठ किलोच्या आसपास तुटत होता. म्हणजे 14 पेडांची ताकद कागदावर 112 किलो. दोरीची ताकद धनुष्याच्या वजनाच्या किमान चौपट असावी असा धनुष्यकारांचा जुना ठोकताळा आहे, आणि तो उगाच आलेला नाही. दोरीवरचा सर्वांत मोठा भार ओढताना पडत नाही. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत दोरीतला ताण या मापाच्या धनुष्यात ओढीच्या वजनापेक्षाही कमी असतो. खरा भार बाण सुटण्याच्या क्षणी येतो, कारण पुढे झेपावलेल्या भुजांना दोरीच एकदम अडवते. 19 किलोच्या चौपट म्हणजे 76 किलो, तेव्हा 112 किलो पुरेसे वाटतात. पण त्याने वरचा फासा साध्या गाठीने बांधला होता, आणि साधी गाठ दोरीची ताकद जवळपास निम्म्यावर आणते, कारण गाठीच्या मानेशी धागा आपल्याच अंगावर तीव्र कोनात वळतो. निम्मे म्हणजे 56 किलो. 20 पेडांचे 160 किलो, त्याचे निम्मे 80. काठावर. त्यातही पेड असमान आणि धागे कापले जात असलेले. 20 पेडांची दोरी अधिक टिकली आणि तरीही तुटली, याचा उलगडा एवढ्यावर होतो.

खालच्या टोकाला दोरी का तुटत नव्हती, हा प्रश्न त्या तरुणानेच विचारला आणि तो अगदी योग्य होता. खाली त्याने दोरी खाचेभोवती तीन-चार वेढे देऊन मग बांधली होती. वेढ्यांच्या घर्षणातच बराचसा भार विरत होता आणि गाठीपर्यंत थोडाच पोहोचत होता. शिवाय खालचे टोक कायमचे बांधलेले असे, तर वरचा फासा प्रत्येक वेळी दोरी चढवताना आणि उतरवताना खाचेच्या कडेवरून घासत जाई.

ही कडच या प्रकरणाचे मर्म होती. खाचा त्याने हॅकसॉच्या पात्याने पाडल्या होत्या. या पात्याचा छेद जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. 14 पेडांची दोरीसुद्धा त्यात बसत नव्हती. ती खाचेच्या दोन्ही धारदार कडांवर टेकून राहत होती. 20 पेडांची दोरी अर्थातच आणखी वर टेकली. पेड वाढवल्याने एका बाजूने ताकद वाढत होती आणि दुसऱ्या बाजूने दोरी कडेवर अधिक नेमकी घासली जात होती. खाचेची रुंदी दोरीच्या जाडीइतकी, म्हणजे या धनुष्यासाठी साधारण तीन मिलिमीटर हवी, तिचा तळ गोल हवा आणि ती आडवी न राहता मुठीच्या दिशेने तिरपी उतरायला हवी, जेणेकरून चढवलेल्या दोरीला खाचेबाहेर पडताना मोड पडत नाही.

चौथी गोष्ट बाणांची. त्याचे बाण 18 ग्रॅमच्या आसपासचे होते. लाकडी धनुष्यासाठी दर पौंडामागे दहा ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) वजनाचा बाण धरतात. त्या मापाने 42 पौंडांना सुमारे 27 ग्रॅमचा बाण लागतो. बाण जितका हलका, तितकी अधिक ऊर्जा भुजांमध्ये आणि दोरीत उरते आणि तितका मोठा धक्का दोरीला बसतो. हे एकटे कारण दोरी तोडत नव्हते, पण तुटण्याच्या काठावर असलेल्या दोरीला पुढे ढकलायला पुरेसे होते.

पावसाळी हवेबद्दलचा त्याचा संशय मात्र दोरीच्या बाबतीत टिकला नाही. पॉलिएस्टर हवेतला ओलावा एक टक्क्याहूनही कमी शोषते. ओलावा घेते ते लाकूड. पुण्यात एप्रिलच्या दुपारी कोरडे असलेले धनुष्य जूनअखेर थोडे मऊ होते आणि ओढीत हलके लागते. ते तसेच ओढत राहिल्यास त्याला कायमचा बाक येतो. पावसाळ्यात जपायचे ते दोरीला नव्हे, धनुष्याला.

या टप्प्यावर तो म्हणाला, "काका, मग सरळ त्या नव्या, न ताणणाऱ्या धाग्याचीच दोरी करू या का? स्पर्धेतली मंडळी तोच वापरतात." हा पर्याय टाळण्याचे कारण नीट सांगणे भाग होते. डायनीमासारख्या धाग्यांचा एक पेडच डेक्रॉनच्या, म्हणजे धनुष्यासाठीच्या पॉलिएस्टर धाग्याच्या, साधारण दुप्पट भार घेतो आणि त्यांची दोरी फारशी लांबत नाही. कंपाउंड (कप्प्या लावलेल्या) किंवा काचतंतूच्या भुजा असलेल्या धनुष्यात हा गुण आहे. लाकडी धनुष्यात दोरीचे थोडेसे लांबणे हेच भुजांच्या टोकांना मिळणारे संरक्षण असते. न लांबणारी बारीक दोरी तो सगळा धक्का दोन खाचांवर आणते आणि टोके कठीण थराने मढवलेली नसतील तर लाकडात शिरते. धनुष्यासाठीचा डेक्रॉन धागा, ज्याचा एक पेड सुमारे 50 पौंड धरतो, मिळाला असता तर मी तो आनंदाने वापरला असता. 12 पेडांत काम भागले असते. परंतु धागा दोषी नाही हे दाखवायचे असेल तर दोरी त्याच धाग्याची व्हायला हवी होती.

धामणीच्या धनुष्याला वनस्पतीच्या तंतूंचीच दोरी असावी अशी त्याची मूळ इच्छा होती, म्हणून सुतळीपासून सुरुवात झाली होती. त्या इच्छेत गैर काहीच नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात प्रत्यंचेसाठी मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणू आणि स्नायू ही सहा द्रव्ये सांगितली आहेत. अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ताग (सन-हेम्प, ज्यूट नव्हे), वेणू म्हणजे बांबू आणि स्नायू म्हणजे जनावराच्या कंडरा. भिल्ल धनुर्धर बांबूच्या चिरफळीची दोरी बांबूच्याच धनुष्याला लावत आले आहेत. यांतल्या वनस्पतींच्या द्रव्यांत लांब तंतू मिळतात आणि ते कमी लांबतात. बाजारातली सुतळी बहुधा ज्यूटची असते. तिचे तंतू आखूड आणि ठिसूळ, आणि ती गठ्ठे बांधण्यासाठी वळलेली. रुईचा किंवा तागाचा धागा निवडून, एकसारखा वळून, चौपटीचा हिशेब तपासून दोरी करता येते, पण ते वेगळे आणि सावकाश करण्याचे काम आहे, आणि खाचा दुरुस्त झाल्याखेरीज त्याला हात घालण्यात अर्थ नव्हता.

म्हणून आधी खाचा. दोन्ही टोकांच्या पाठीवर शिसवीच्या लाकडाचे छोटे तुकडे इपॉक्सीने चिकटवले आणि ते पूर्ण वाळल्यावर बारीक गोल कानशीने नव्या तिरप्या खाचा पाडल्या. काचपेपर दोरीच्याच तुकड्याभोवती गुंडाळून तो खाचेतून मागेपुढे ओढला, त्यामुळे तळ दोरीच्या आकाराचा झाला आणि कडा गेल्या. जुन्या छेदाजवळचे लाकूड घासून सपाट केले. शेवटी बोटाचे नख खाचेवरून फिरवले; नख कुठेही अडले तर तेथे धागा अडणार.

दोरीसाठी फळीवर दोन खिळे ठोकले आणि एकच अखंड धागा त्यांच्याभोवती सारख्या ओढीने गुंडाळत 14 फेऱ्या घेतल्या आणि त्या एका खिळ्यापाशी कापून 14 धागे मिळवले. समान ताणासाठी याहून सोपी रीत नाही. दोन जुडगे केले, प्रत्येकात सात धागे. फाशाच्या बाजूची टोके एका ओळीत न कापता अर्ध्या-अर्ध्या इंचाने मागेपुढे कापली, म्हणजे फाशाचा जाड भाग हळूहळू निमुळता होत दोरीत मिसळतो आणि जिथे जाडी एकदम बदलते अशी जागाच उरत नाही. धाग्याला मधमाश्यांच्या मेणात थोडी राळ मिसळून घासले. पॉलिएस्टर निसरडे असते. नुसत्या मेणाने पीळ धरून राहत नाही.

फासा गाठीने नव्हे, वळून केला. प्रत्येक जुडग्याला आपल्यापासून दूर पीळ द्यायचा आणि तो दुसऱ्या जुडग्यावरून आपल्याकडे आणायचा, पुन्हा दुसऱ्याला तसेच. पेडाचा पीळ एका दिशेने आणि दोरीचे वळण उलट दिशेने, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. सुमारे तीन इंच वळून झाल्यावर तो भाग दुमडून फासा केला, दोन्ही शेपट्या आपापल्या जुडग्यात मिसळल्या आणि त्याच रीतीने शेपट्या संपेपर्यंत, किंबहुना त्यापुढेही इंचभर, वळत नेले. वापरात भार जितका वाढतो तितका हा सांधा घट्ट आवळतो. वरचा फासा इतका मोठा ठेवला की दोरी उतरवल्यावर तो भुजेवरून खाली सरकून राहील.

खालच्या टोकाला दुसरा फासा करता आला असता, पण इंग्रजी लाँगबोवर पूर्वापार वापरली जाणारी सरकगाठ निवडली. तिच्यात दोरी खाचेभोवती फिरवून आपल्याच ताठ भागामागून आणतात आणि मग स्वतःभोवती तीन-चार वेढे देतात. भार आला की वेढे आवळतात, तीव्र मोड कुठेच येत नाही, आणि लांबी हवी तशी बदलता येते. नवी दोरी सुरुवातीला बसते, म्हणजे ताणून थोडी लांबते, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. गाठीखाली येणारे दहा-बारा इंच आधी वळून घेतले.

दोरीची लांबी खाचांमधल्या अंतरापेक्षा सुमारे तीन इंच कमी, म्हणजे 65 इंच धरली. चढवण्यापूर्वी ती छताच्या हुकाला टांगून खाली पाण्याचा 20 लिटरचा भरलेला जार लावून रात्रभर ठेवली. लाकडी धनुष्यावरच दोरी रात्रभर ताणून ठेवण्याची चूक अनेक जण करतात. त्याने दोरी बसते, पण धनुष्यही बसते. मग वळणाच्याच दिशेने पंचवीसच्या आसपास पीळ देऊन दोरी गोल केली. उलट दिशेने दिलेला पीळ फासा सैल करतो, हे दोरी करणाऱ्याने कधीही विसरू नये. फार जास्त पीळ दिला तर दोरी स्प्रिंगसारखी लांबू लागते आणि वेग जातो.

मधल्या भागावर, बोटे आणि बाण जिथे येतात तिथे, सहा इंचांची घट्ट गुंडाळी केली. जाडी ठरवण्याची कसोटी अशी : दोरी आडवी धरून बाण तिला लटकवावा, तो आपल्या वजनाने सुटू नये, आणि दोरीवर बोटाने टिचकी मारताच सुटावा. 20 पेडांच्या दोरीवर बाणाची खाच दाबून बसवावी लागत होती, आणि अशी घट्ट खाच सुटीच्या वेळी बाणाला ओढून धरते. दोरीच्या वजनाचाही प्रश्न होता. दोरीच्या एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा बाणाच्या वजनात मिळवल्यासारखा काम करतो, म्हणून अनावश्यक सहा पेड म्हणजे प्रत्येक बाणावर लादलेले ओझे होते.

चढवल्यावर ब्रेस हाइट सव्वासहा इंच आली. मूठ वळून अंगठा ताठ केला की जेवढे अंतर होते तेवढेच हे, आणि अनेक धनुर्धर आजही त्यानेच मोजतात. 27 ग्रॅमच्या जवळपासचे बाण वापरून, आधी अर्धवट आणि मग अधिक ओढत काही फेऱ्या केल्या. ब्रेस हाइट साडेपाचवर आली, सरकगाठ सोडून लांबी कमी करून ती पुन्हा सहावर आणली, त्यानंतर ती स्थिर राहिली. फासा उतरवून भिंगाखाली पाहिला. एकही धागा पिंजलेला नव्हता. त्यानंतरच्या सरावातही ही 14 पेडांची दोरी टिकून आहे, आणि धागा तोच, बोहरी आळीतला.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. वरच्या भुजेच्या आतल्या बाजूवरची ती आडवी रेघ तिथेच आहे. ती पेन्सिलीच्या खुणेपुढे गेलेली नाही, पण अशा जागी लाकूड पुढे अधिक वाकू लागण्याचा धोका असतो. म्हणून पावसाळा संपेपर्यंत ओढ 28 ऐवजी 26 इंचांवर थांबवायची, प्रत्येक सरावानंतर दोरी उतरवायची आणि दिवाळीनंतर लाकूड कोरडे झाले की वजन पुन्हा मोजायचे, असे ठरले आहे. तोपर्यंत रेघ लांबली तर त्या भागाच्या दोन्ही बाजूंचे लाकूड किंचित तासून तिथला वाक वाटून द्यावा लागेल, आणि धनुष्य 42 पौंडांचे राहणार नाही. याच मापाची दुसरी दोरीही करून, वापरून बसवून ठेवली आहे. तिच्यावर ब्रेस हाइट आणि पिळांची संख्या लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे.